खिडकी नको, नोंद हवी

नकाशाचे काम संगणकावर चालू असताना चूक झाली, तर पडद्याच्या मधोमध खिडकी उघडलीच पाहिजे, एरवी माणसाचे लक्ष जाणार नाही. हे मत सॉफ्टवेअर करणाऱ्यांचे आहे आणि ते वापरणाऱ्यांचेही. त्यांचे म्हणणे असे: तळाच्या संदेशपट्टीकडे कोणी बघत नाही, खिडकी काम अडवते, म्हणून ती वाचली जाते. पहिले विधान काही अंशी खरे आहे. दुसरे साफ चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत आमच्यासारख्या गावांत जास्त मोजावी लागते.

आमच्या पातूरला घराचा नकाशा काढणाऱ्याचे रोजचे काम बघा. तीस बाय पन्नासचा प्लॉट, दोन खोल्या, स्वयंपाकघर, जिना. क्षेत्रफळ बरोबर यायचे तर प्रत्येक पॉलिलाइन, म्हणजे जोडलेल्या रेघांची साखळी, बंद हवी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन रेघा केसभर सुटल्या आणि हॅच, म्हणजे आतली रेघाळी भरण, टाकायला घेतला, की ऑटोकॅड हे नकाशाचे सॉफ्टवेअर बंद सीमा सापडत नसल्याची खिडकी उघडते. तीही नेमकी नकाशावर. जिथे बघायचे तीच जागा झाकली जाते. खिडकी बंद केल्याशिवाय कोपरा जवळ घेता येत नाही, आणि बंद केली की मजकूर गेला. पुढच्या आवृत्त्यांत सुटलेल्या टोकांवर लाल वर्तुळे दिसू लागली. चूक सापडते ती त्या वर्तुळांमुळे.

मग अकोल्याच्या जाणकाराला फोन जातो. तो विचारतो, काय लिहून आले होते? उत्तर ठरलेले: "काहीतरी इंग्लिशमदी आलं होतं भाऊ, म्या ओके दाबलं." यात फोन करणाऱ्याचा काही दोष नाही. परक्या भाषेतले वाक्य एकदा वाचून कळत नाही. ते पुन्हा वाचावे लागते, कोणाला तरी दाखवावे लागते, व्हॉट्सअॅपवर पाठवावे लागते. खिडकीतला मजकूर बहुधा माउसने निवडूनही घेता येत नाही. पट्टीत तोच मजकूर ओळीने राहिला, तर आधी कोणती आज्ञा दिली आणि मग काय बिघडले, हा क्रमही हाती लागतो. खिडकीच्या बाजूने होणाऱ्या युक्तिवादात या क्रमाचा विचारच नाही.

आता अडवण्याविषयी. अडवणूक वारंवार झाली, की हात मजकुराच्या आधी बटणावर जातो. जेफ रॅस्किन यांनी 2000 सालच्या 'द ह्यूमेन इंटरफेस' या पुस्तकात हेच मांडले: खात्री विचारणारा प्रश्न नेहमी येऊ लागला की उत्तर सवयीने दिले जाते, म्हणून प्रश्नापेक्षा केलेले परत फिरवण्याची सोय मोलाची. याचे भीषण उदाहरण वैद्यकातले आहे. थेरॅक-25 या किरणोपचार यंत्रावर 1985 ते 1987 या काळात सहा अपघात झाले, रुग्ण दगावले. यंत्र थांबे, त्रुटीचा नुसता क्रमांक दाखवी, आणि 'पी' दाबला की पुढे चाले. असे थांबणे रोजचेच झाल्यामुळे चालकांना त्यात धोका दिसेना. मूळ दोष यंत्रणेचा होता, हे खरे. पण निव्वळ थांबवले म्हणून माणूस सावध होतो, या समजुतीला तिथे आधार उरत नाही.

पट्टीकडे कोणी बघत नाही, या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. ऑटोकॅड 1982 मध्ये आले ते याच तळाच्या आज्ञापट्टीसह, आणि खालची ओळ वाचत काम करणे हीच त्याची शिस्त होती. एफ-2 दाबा, मागचा सगळा संवाद आजही उघडतो. 'फाइलडिया' हा त्यातला पर्याय शून्यावर ठेवला तर फाइल निवडायची खिडकी येत नाही, सगळे पट्टीतच विचारले जाते. रात्रभर एकामागून एक नकाशे छापायला लावणाऱ्याला याचे महत्त्व सांगावे लागत नाही: एखाद्या फाइलीत फाँट सापडला नाही, खिडकी उत्तराची वाट बघत राहिली, आणि सकाळी कागद कोरे.

आपल्याकडचा दाखला आणखी जवळचा आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, ती नगर परिषदांनाही लागू आहे. नकाशा नियमांत बसतो की नाही हे तपासणारी पुण्याच्या सॉफ्टटेकची ऑटोडीसीआरसारखी प्रणाली तपासणीचा अहवाल देते. सामासिक अंतर कमी, जिना अरुंद अशा त्रुटी एकेका खिडकीत दाखवून प्रत्येकीला ओके मागितले असते, तर कोणी चालवून घेतले असते का? मंजुरीच्या वेळी लेखी यादी हवी, हे सगळ्यांना पटते. मग नकाशा काढतानाच ती का नको?

पट्टी आहे तशीच चांगली, असे मात्र मी म्हणत नाही. करड्या रंगातली बारीक ओळ नवशिक्याला दिसत नाही, हे खरे आहे. उपाय पट्टीतच आहे: चूक तांबड्या रंगात, इशारा वेगळ्या रंगात, एकच संदेश पन्नासदा आला तर एका ओळीत, आणि ओळीवर क्लिक केले की नकाशातली ती रेघ उजळावी. फ्रीकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरने 2023 च्या 0.21 आवृत्तीत सूचनांसाठी खाली वेगळी जागा केली. तिथे संदेश काम न अडवता दिसतो आणि नंतर यादीतही सापडतो. दिशा बरोबर आहे.

खिडकीला मी एकच जागा ठेवीन: जिथून मागे येता येत नाही तिथे. जतन न केलेला नकाशा बंद होत असेल, किंवा जुन्या फाइलीवर नवी लिहिली जात असेल, तर जरूर थांबवा, आणि बटणावर नुसते 'ओके' न लिहिता 'जुनी फाइल पुसा' असे लिहा.