गोसीखुर्दच्या तळाशी

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत मातीचे थर वाचण्याचं काम एकदा फार मन लावून झालं आहे. १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडी खणली. विटांचा प्रचंड स्तूप निघाला, ब्राह्मी लेख कोरलेले वेदिकेचे खांब निघाले आणि त्यांतल्या एकावर फणा काढून बसलेला, बुद्धकथेतला मुचलिंद नागही मिळाला. सातवाहनांच्या खाली शुंग, त्याखाली मौर्य, त्याखाली त्याहून जुनी वस्ती. जितकं खोल, तितकं जुनं.

गावाच्या वरच्या अंगाला वैनगंगेवर आज दुसरे थर साचताहेत. ते कुणी फारसे वाचत नाही.

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, ३३ दरवाजे, ११४६ दशलक्ष घनमीटर साठवण. धरणाआधी नदी पावसाळ्यात आपला गाळ प्राणहितेमार्गे गोदावरीत नेऊन टाकायची. आता पाणी भिंतीपाशी थबकतं, आणि थबकलेलं पाणी ओझं खाली ठेवतं. जड वाळू जलाशयाच्या तोंडाशी, आंभोऱ्याला कन्हान नदी वैनगंगेला मिळते त्या संगमाकडेच बसते. पिठासारखी चिकणमाती मात्र पाण्यात तरंगत पुढे सरकते आणि भिंतीजवळच्या खोल, संथ भागात सावकाश तळ गाठते.

खरी मेख या चिकणमातीत आहे. तिच्या कणांना शिसं, क्रोमियम, पारा असे धातू चिकटतात. वाळूला ते तितके चिकटत नाहीत. म्हणजे सगळ्यांत घाण गाळ सगळ्यांत खोल जागी जमतो. भर उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, तळाशी हवा पोचत नाही आणि तिथला प्राणवायू संपत येतो. मग गाळात अडकलेलं लोह, मँगनीज आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात विरघळू लागतं. त्या फॉस्फरसवर जलपर्णी पोसते, मरते, कुजते आणि पुन्हा तळाशीच जाते.

माल येतो कुठून, हे काही गुपित नाही. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी पिवळी नदीला भेटते, दोघी कन्हानला मिळतात आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेत उतरते. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत पोचली होती. शहर फ्लश करतं आणि विसरतं. तलाव मात्र विसरत नाही. लोणारच्या सरोवरातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात शास्त्रज्ञांना अकराएक हजार वर्षांच्या पावसाळ्यांची नोंद मिळाली. गोसीखुर्दचं वय त्यापुढे काहीच नाही, पण त्याच्या तळातही नागपूरच्या वाढीचा हिशेब उतरतो आहे.

भंडारा जिल्ह्याला गाळाची भीती कधीच नव्हती, उलट लोभ होता. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांतून आणि बोड्यांतून, म्हणजे छोट्या तळ्यांतून, उन्हाळ्यात गाळ काढायचा, बैलगाडीने धानाच्या बांधीत टाकायचा, ही इथली जुनी रीत. तलावाची खोली राखली जायची आणि शेताला खत मिळायचं. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे जमीनदारांमार्फत महसूल गोळा करण्याची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले, ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव या नावाने कागदावर उरले आणि गाळ काढण्याची शिस्त ढिली पडली. त्या गाळात जंगलाचा पाला असे, जनावरांचं शेण असे. कारखान्याचं पाणी नसे, म्हणूनच तो बिनघोर बांधीत पडे.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना त्याच रीतीवर उभी आहे आणि गावतलावांसाठी ती चांगलीच आहे. पण मोठ्या धरणांतला गाळ आणि वाळू काढण्यासाठी जायकवाडी, उजनी, गिरणा आणि मुळा यांच्याबरोबर गोसीखुर्दचंही नाव पुढे आलं होतं. आंभोऱ्याच्या तोंडाशी बसलेली वाळू आणि भिंतीजवळची काळी चिकणमाती यांना एकाच मापाने मोजणं चुकीचं ठरेल. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातच आहे. जलाशयाच्या वेगवेगळ्या जागांवरून नळीने गाळाचे उभे नमुने काढावेत, थराथरातले धातू तपासावेत आणि निकाल पवनी तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावेत. तोवर खोल भागातल्या गाळाची एकही ट्रॉली धानाच्या बांधीत रिकामी होऊ नये.