एल.सी.पी.एस.ची पाटी उतरली, मग जी.पी. घडला कुठे?

साठीच्या पुढच्या पुणेकरांना आठवत असेल. पेठांमधल्या दवाखान्यांच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे ‘एल.सी.पी.एस.’ ही अक्षरं असायची. आत लाकडी बाक, कंपाउंडर, आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली. ती पाटी आता शोधूनही सापडायची नाही. “हल्ली फॅमिली डॉक्टर मिळत नाही हो” हे वाक्य मात्र घरोघरी ऐकू येतं. या दोन गोष्टींचा संबंध आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी ही अक्षरं काय होती ते सांगतो. एल.सी.पी.एस. म्हणजे मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा परवाना. ही संस्था १९१२ची. एम.बी.बी.एस. ही विद्यापीठाची पदवी, तर हा तिच्याहून छोटा, मॅट्रिकनंतरचा अभ्यासक्रम. पुण्यात तो ससूनच्या शेजारी बी.जे. मेडिकल स्कूलमध्ये शिकवत. लक्षात घ्या, स्कूल; कॉलेज नाही. त्याची मुळं आणखी जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग चालत. पुढे बैरामजी जीजीभाईंच्या देणगीतून ते शिक्षण पुणे आणि अहमदाबादला आलं. (वैद्यकीय शिक्षण मराठीतून द्यायला निघालेल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, की पुण्यात हे एकदा होऊन गेलंय!)

या लोकांना दुय्यम समजत, यात शंका नाही. पगार कमी, मान कमी, सरकारी नोकरीत वर जायची वाट बंद. पण आकडा बघा. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यातले जवळजवळ ३०,००० हे असे लायसेन्शिएट होते. म्हणजे सामान्य माणसाला भेटणारा डॉक्टर बहुतेक वेळा हाच.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. आपल्या आरोग्यव्यवस्थेचा पाया म्हणतात तोच. ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, अशी तेव्हाची अवस्था. तरीही समितीने सांगितलं की लायसेन्शिएट बंद करा, देशात एकच ‘बेसिक डॉक्टर’ असू द्या, तो पदवीधर असू द्या. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का, हा विचार त्यामागे होता आणि तो चुकीचा म्हणवत नाही. समितीतल्याच काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, की डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना निदान काही वर्षं तरी हा अभ्यासक्रम चालू ठेवा. ते मागे पडलं. त्याच १९४६ साली बी.जे.चं स्कूलचं कॉलेज झालं. पुण्यापुरता एक अध्याय तिथे संपला.

खरी गफलत मला पुढे दिसते. बेसिक डॉक्टर ही कल्पना त्या काळच्या इंग्लंडच्या समजुतीवर उभी होती. पदवी झाली, थोडी हाउसमनशिप केली की माणूस जनरल प्रॅक्टिसला तयार. स्पेशालिस्टला वेगळं शिक्षण लागतं, जी.पी.ला कशाला?

पण इंग्लंडने ही समजूत लवकरच सोडली. १९५० साली कॉलिंग्ज नावाच्या डॉक्टरने तिथले दवाखाने फिरून लॅन्सेटमध्ये लेख लिहिला आणि जनरल प्रॅक्टिसची लक्तरं वेशीवर टांगली. १९५२ला जी.पीं.चं स्वतंत्र कॉलेज निघालं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पदवीनंतर तीन वर्षांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, त्यातला काही काळ रुग्णालयात आणि काही काळ अनुभवी जी.पी.च्या हाताखाली. अमेरिकेत फॅमिली प्रॅक्टिसला १९६९मध्ये स्वतंत्र बोर्ड मिळालं. आपण १९४६चं इंग्लंड उचललं आणि तिथेच थांबलो.

“श्रीमंत देशांचं काय सांगता?” असं कुणी म्हणेल. नेपाळ घ्या. काठमांडूच्या त्रिभुवन विद्यापीठाने कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या मदतीने १९८२ साली जनरल प्रॅक्टिसचा एम.डी. सुरू केला. डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयात एकटा पडलेला डॉक्टर सिझेरियन करू शकला पाहिजे, हाड बसवू शकला पाहिजे, भूल देऊ शकला पाहिजे, हे डोळ्यांसमोर ठेवून आखलेला.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली जी.पीं.साठी कॉलेज काढलं. पण ते आधीच दवाखाना थाटलेल्यांसाठी, व्याख्यानं आणि उजळणी अशा स्वरूपाचं. नॅशनल बोर्डाने फॅमिली मेडिसिनचा डी.एन.बी. आणला. २००२च्या आरोग्य धोरणात या विषयाची गरज मान्य झाली. गेल्या दशकात केरळच्या कालिकत मेडिकल कॉलेजात एम.डी. सुरू झाला. २०१९च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात ‘फॅमिली मेडिसिन’ हा शब्द आहे. शब्द आहे, पण एम.बी.बी.एस. शिकवणाऱ्या कॉलेजात त्याचा विभाग असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. त्यामुळे मुलांना साडेपाच वर्षांत शिकवणारे सगळे स्पेशालिस्ट. जी.पी. म्हणून जगलेला एकही मास्तर त्यांना भेटत नाही, आणि मग त्यांना जी.पी. व्हावंसं का वाटावं?

मग पुण्यात जी.पी. शिकला कुठे? पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून बसायचं. कोणता ताप दोन दिवस थांबून बघायचा, कोणत्या पोटदुखीला रिक्षात घालून तडक ससूनला न्यायचं, कुठल्या घरात पैसे मागायचे नाहीत, हे तिथे कळायचं. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. गुरू चांगला मिळाला तर उत्तम, नाहीतर त्याच्या खोडीही शिकायच्या.

नंतर एम.बी.बी.एस.वाले एम.डी.-एम.एस.कडे वळले आणि गल्लीतली जागा मोकळी झाली. ती आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरली. पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासून आहे आणि मधल्या काळात या क्षेत्रात दोन्ही शास्त्रांचे मिश्र अभ्यासक्रमही चालले. पण आधुनिक औषधं त्यांच्यातले बहुतेक जण शिकले ते खासगी नर्सिंग होममध्ये, आर.एम.ओ. म्हणून रात्रपाळ्या करून. सलाईन लावणं, ईसीजी काढणं, रात्री दोनला मोठ्या डॉक्टरांना फोन करून “सर, काय करू?” विचारणं. दोन-तीन वर्षं हे केलं की उपनगरात आपला दवाखाना. मी तर म्हणेन, पुण्यातल्या जनरल प्रॅक्टिसची खरी रेसिडेन्सी हीच. फक्त ती कुठल्या विद्यापीठाच्या कागदावर नाही, तिला अभ्यासक्रम नाही, आणि ती देणाऱ्या रुग्णालयाला आपण कुणाला शिकवतोय याची फिकीर असण्याचं कारण नाही. त्याला रात्री माणूस हवा असतो, तोही स्वस्तात.

गंमत म्हणजे याच शहराच्या केईएम रुग्णालयाने, डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने, १९७०च्या दशकापासून वढू परिसरात गावातल्याच लोकांना आरोग्यसेवेचं काम शिकवून दाखवलं. त्याचं कौतुक जगभर झालं. गावच्या कार्यकर्त्याला पद्धतशीर शिकवता येतं हे पुण्याने सिद्ध केलं. गल्लीतल्या डॉक्टरबाबत तसा प्रयत्न झाला नाही.

२०१४मध्ये राज्याने कायद्यात बदल करून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाच्या फार्माकोलॉजीच्या कोर्सनंतर आधुनिक औषधं देण्याची वाट उघडली. २०२५मध्ये त्यांच्या नोंदणीवरून वाद पेटला, आय.एम.ए.ने संप केला. दोन्ही बाजूंचं बरंच बोलणं वाचलं. कोणाचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये असावं, यावर सगळा जोर. त्या एका वर्षात हा डॉक्टर अनुभवी जी.पी.शेजारी बसून किती रुग्ण तपासतो? आणि तिकडे एम.बी.बी.एस.च्या इंटर्नशिपमध्ये, नीट-पीजीची पुस्तकं बाजूला ठेवून, मुलं किती तपासतात? यावर फारसं कुणी बोललं नाही. कॉमेंटमध्ये डॉक्टर मंडळींनी सांगावं, विशेषतः ज्यांनी नर्सिंग होमच्या रात्री काढल्या आहेत त्यांनी.