मल्टिथ्रेडेड प्रोग्रॅमची घटक-चाचणी

अनेक थ्रेड एकाच वेळी चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला लहानसा भाग, बहुधा एखादा क्लास, सुटा करून तपासण्याची पद्धत. व्यवहारात ‘युनिट टेस्ट’ हेच नाव रूढ आहे. एरवी इनपुट तेच असेल तर निकालही तोच येतो. इथे थ्रेडची पाळी शेड्यूलर ठरवत असल्याने आज पास झालेली चाचणी उद्या फेल होऊ शकते.

दोष : मुख्य दोन. तंजावर-चेन्नई उझवन एक्स्प्रेसमध्ये एकच जागा उरली आहे असे धरू. दोन थ्रेडनी ‘जागा आहे’ हे वाचले आणि मग दोघांनीही ती नोंदवली, तर ती रेस. दोन थ्रेड एकमेकांनी धरलेल्या लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला धरता येणारे कुलूप) कायमचे खोळंबले, तर तो डेडलॉक.

क्रमांची संख्या : प्रत्येकी 10 पायऱ्यांचे दोन थ्रेड 1,84,756 प्रकारे एकमेकांत मिसळू शकतात; तीन असतील तर ही संख्या साडेपाच लाख कोटींवर जाते. तीच चाचणी हजारदा चालवून त्यामुळे फारसे काही सिद्ध होत नाही. मध्येच ‘स्लीप’ (थ्रेडला काही काळ थांबवणारी आज्ञा) पेरण्याची सवय तर सोडलेलीच बरी. परस्परनिरपेक्ष पायऱ्यांची नुसती अदलाबदल असलेले क्रम एकच मानता येतात (माझुर्किएविच, 1977). या ‘ट्रेस’ सिद्धांतावर चेन्नईत पी. एस. थियागराजन आणि सहकाऱ्यांनी महत्त्वाचे काम केले आहे.

शोधकसाधने : लॅम्पोर्ट यांच्या ‘आधी घडले’ या संबंधावर (1978) आधारलेली साधने प्रत्यक्ष चाललेल्या क्रमाच्या आधारेच निर्णय देतात. ‘इरेझर’ (1997) प्रत्येक सामायिक चलामागे कोणते लॉक सातत्याने धरले गेले ते पाहते. त्यातून खोटे इशारेही येतात. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या ‘चेस’ने शेड्यूलरच हाती घेतला आणि थ्रेडची पाळी मध्येच तोडण्याच्या संख्येवर मर्यादा घातली; बरेचसे दोष अशा दोनच तोडींत सापडतात, असा अनुभव आहे.

नारद : वरील साधनांना मुळात चांगली मल्टिथ्रेडेड चाचणी लागते, आणि ती लिहिणेच अवघड. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मालविका सामक व मुरली कृष्ण रामनाथन यांनी सुरेश जगन्नाथन यांच्यासह 2015 मध्ये मांडलेली ‘नारद’ ही प्रणाली अशा चाचण्या स्वतः तयार करते. लायब्ररीच्या साध्या, एकथ्रेडी चाचण्या चालवून कोणती मेथड कोणत्या वस्तूला लॉकविना हात लावते याची ती नोंद घेते. मग ती वस्तू दोन थ्रेडमध्ये सामायिक होईल अशा स्थितीत आणून योग्य त्या मेथड एकाच वेळी बोलावते. कळ लावण्याचे काम शब्दशः हेच. जावाच्या, आधीच कसून तपासलेल्या लायब्रऱ्यांसाठी चार मिनिटांच्या आत 101 चाचण्या तयार झाल्या; त्या चालवून तयार रेस-शोधकाने 187 घातक रेस दाखवल्या, त्यांतील काही तोवर अज्ञात होत्या. मूळ चाचण्यांनी ज्या मेथडला स्पर्शच केलेला नाही, तिथे मात्र या पद्धतीचा इलाज चालत नाही. याच गटाने 2014 मध्ये डेडलॉकसाठीही चाचण्या रचण्याची पद्धत दिली होती.

अपघात : थेरॅक-25 या किरणोपचार यंत्रामुळे 1985-87 दरम्यान रुग्णांना अतिरिक्त मात्रा मिळाली; कारणांत रेसचा समावेश होता.

मेमरी मॉडेल : एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला केव्हा दिसेल हे ठरवणारे नियम. जावाचे मॉडेल 2004 मध्ये सुधारण्यात आले.