असुरक्षित अटॅचमेंट आणि व्यसन : काय आहे संबंध?

लहान मूल घाबरलं की आईकडे धावतं. तिने कुशीत घेतलं की शांत होतं आणि पुन्हा खेळायला जातं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या बंधाला ‘अटॅचमेंट’ म्हटलं. आई काही मिनिटं खोलीबाहेर जाऊन परत आली की वर्षभराची मुलं कशी वागतात, याचा अभ्यास मेरी एन्सवर्थ यांनी केला. त्यातून तीन प्रकार पुढे आले : सुरक्षित, चिंतातुर आणि टाळणारी. शेवटचे दोन असुरक्षित मानले जातात.

व्यसनाशी संबंध कसा?

वारंवार आधार मिळालेलं मूल हळूहळू स्वतःला सावरायला शिकतं. हा आधार बेभरवशाचा असेल, तर मोठेपणीही अस्वस्थता आवरणं जड जातं. चिंतातुर व्यक्तीला नातं तुटण्याची सतत भीती वाटते. दारू ती भीती काही वेळ बोथट करते. टाळणारी व्यक्ती मदतच मागत नाही. तिला नशा सोयीची वाटते, कारण तिथे कुणापुढे मन मोकळं करावं लागत नाही.

मेंदूत काय घडतं?

याक पँकसेप आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये आईपासून दूर केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मॉर्फिनचा अगदी कमी डोस दिला. त्यांचं रडणं कमी झालं. मायेची ऊब आणि अफूवर्गीय नशा मेंदूतल्या एकाच यंत्रणेवर काम करत असावीत, असा याचा अर्थ लावला गेला.

मग दोष आईवडिलांचा?

नाही. २०१८ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले. असुरक्षितता आधी आणि नशा नंतर, हा क्रम त्यात उलट क्रमापेक्षा ठळक दिसला. पण संबंध बेताचाच होता. आनुवंशिकता, संगत, ताण आणि नशेची सहज उपलब्धता यांचाही वाटा असतो. असुरक्षित अटॅचमेंट असलेले अनेक जण कधीच व्यसनी होत नाहीत.

हे बदलू शकतं का?

हो. भरवशाचा जोडीदार, मित्र किंवा समुपदेशक मिळाला तर मोठेपणीही सुरक्षितता येऊ शकते. म्हणूनच व्यसनमुक्तीत औषधांइतकंच गटाला आणि कुटुंबाला महत्त्व दिलं जातं. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेलं ‘मुक्तांगण’ कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतं.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यास फिट येण्याचा धोका असतो. त्यामुळे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६.