समदुःखींची वाट : सातारा आणि सांगली

महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. सातारा-सांगलीत एकही नाही. मनाच्या दुखण्याचा इथला इतिहास म्हणूनच रुग्णालयाच्या भिंतींपेक्षा माणसांच्या नात्यांत शोधावा लागतो.

‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ ही आपली जुनी म्हण. तिचा उपचारासाठी पद्धतशीर वापर झाला तो 1935 मध्ये, अमेरिकेतल्या ॲक्रन गावी. दारूने पोळलेले दोघे, एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, एकमेकांना सांभाळू लागले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ काढले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे नव्या रुग्णांचे आधार झाले.

साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केले. त्यांचे शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात झालेले. अंगात येण्यामागे पुष्कळदा मनाचे दुखणे असते, हे त्यांच्या चळवळीने लोकांना सांगितले. ‘मानसमित्र’ ही कल्पना त्याच वाटेवरची. मानसमित्र स्वतः त्या दुखण्यातून गेलेला असेलच असे नाही. तो ऐकून घेतो आणि वेळीच डॉक्टरांकडे नेतो.

सांगलीचे उदाहरण अधिक धारदार आहे. 1992 पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच आपल्या सोबतिणींपर्यंत निरोध आणि माहिती पोहोचवली. 1996 मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ झाली. काम एड्सचे, मनोविकाराचे नव्हे. धडा मात्र तोच. जिच्याकडे समाजाने पाठ फिरवली, तिचा विश्वास आधी तिच्यासारखीवरच बसतो.

याला मर्यादाही आहे. तीव्र मनोविकारात औषधाची जागा सोबती घेऊ शकत नाही. पण औषध चालू ठेवायला, लाज झटकायला आणि पुन्हा घसरल्यावर परत यायला जे बळ लागते, ते गोळीत नसते.

1912 च्या कायद्याने रुग्णाला ‘ल्यूनॅटिक’ म्हटले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने राज्य प्राधिकरणावर आजार भोगलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा दिली. शंभर वर्षांत एवढे अंतर कापले गेले. आता ही खुर्ची तालुक्याच्या दवाखान्यात, मानधनासह, कधी मांडली जाणार, हा प्रश्न उरतो.