पटावरचं युद्ध, पडद्यावरची भरती

सैनिक घडवण्यासाठी आणि मिळवण्यासाठी लष्करं व्हिडिओ गेम वापरतात. या प्रथेचं कूळ शोधत गेलं, की संगणक मागे पडतो आणि आपण बुद्धिबळाच्या पटापाशी पोहोचतो. भारतातल्या चतुरंगाचा हा वंशज युरोपात केव्हाच रुजला होता. १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविग यांनी त्याची घरं कितीतरी वाढवली, त्यांवर डोंगर, नद्या, गावं मांडली आणि सरदारांच्या मुलांना युद्धाची तत्त्वं शिकवण्यासाठी नवा खेळ रचला.

पुढची मोठी झेप प्रशियातली. तिथले लेफ्टनंट राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये ‘क्रिगस्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले. वडिलांनी सुरू केलेलं काम त्यांनी पूर्णत्वाला नेलं होतं. घरं गेली आणि त्यांच्या जागी मोजमापाचा खरा नकाशा आला. सैन्यासाठी निळे-तांबडे ठोकळे, चकमकीच्या निकालासाठी फासे आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. शत्रूचे जे ठोकळे रणांगणावर खरोखर दिसले असते, तेवढेच पंच नकाशावर ठेवी. सेनाप्रमुख म्युफलिंग खेळ पाहता पाहता खूश झाले आणि त्यांनी त्याची शिफारस साऱ्या सैन्याला केली. या खेळाचं मोठेपण मला त्या पंचात दिसतं. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा, तो चुकू शकतो, आणि चुकला तर माणसं जातात, हे तो अधिकाऱ्याला शिकवत होता.

पडद्यावरचा खेळ लष्कराकडे गेला तो अमेरिकेत. अटारी कंपनीचा ‘बॅटलझोन’ १९८० मध्ये आला. हिरव्या रेषांनी रेखलेल्या मैदानात रणगाडा चालवायचा हा खेळ. तो पाहून लष्कराने ब्रॅडली या चिलखती वाहनाच्या तोफचींसाठी त्याची वेगळी आवृत्ती मागवली. तिच्यात वाहन मैदानात फिरत नसे. नेम धरायचा आणि आपलं कोण, शत्रूचं कोण हे ओळखायचं, एवढंच काम. मूळ खेळाचे कर्ते एड रॉटबर्ग यांचा याला विरोध होता. यापुढे आपल्याला लष्करी काम दिलं जाणार नाही, या अटीवरच त्यांनी ते केलं. नव्वदच्या दशकात मरीन दलाने ‘डूम’ या लोकप्रिय खेळातले राक्षस काढून सैनिक घातले आणि चौघांच्या तुकडीने एकत्र कसं लढायचं, याचा सराव सुरू केला.

इथवर खेळणारा आधीच सैनिक होता. १९९९ मध्ये अमेरिकी भूदलाचं भरतीचं उद्दिष्ट हुकलं आणि चित्र पालटलं. वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीचे अर्थशास्त्रज्ञ कर्नल केसी वॉर्डिन्स्की यांच्या कल्पनेतून, मॉन्टेरेच्या नौदल पदव्युत्तर संस्थेत ‘अमेरिकाज आर्मी’ तयार झाला. ४ जुलै २००२ रोजी, स्वातंत्र्यदिनी, तो फुकट खुला झाला. आधी कवायत आणि नेमबाजी, मग मोहीम. आपल्याच माणसावर गोळी झाडली तर तुरुंगाची कोठडी. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना स्वतःची तुकडी अमेरिकी दिसे, समोरची शत्रूची. शिस्त बारकाईने दाखवली होती. मरण मात्र रक्ताच्या छोट्याशा डागावर आटोपत होतं, कारण खेळ तेरा वर्षांच्या मुलांसाठीही योग्य ठरवायचा होता. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या ‘एसीएलयू’ या संघटनेने २००८ मध्ये नेमका इतक्या लहान मुलांपर्यंत भरतीचा खेळ नेण्यालाच आक्षेप घेतला.

त्याआधीच, २००६ मध्ये, कलावंत जोसेफ डिलॅप या खेळात शिरले होते. बंदूक न उचलता ते इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं आणि मृत्यूच्या तारखा तिथल्या संवादाच्या चौकटीत टंकत राहिले. २०११ मध्ये सैन्य परतेपर्यंत त्यांनी हे व्रत चालवलं. खेळाने गाळलेला हिशेब एका नागरिकाने मांडला.

लष्कराच्याच पैशावर दुसरी एक शाखा वाढत होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९९ मध्ये लष्कराच्या मदतीने उभ्या राहिलेल्या संस्थेच्या सहभागातून २००४ मध्ये ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ हा खेळ आला. इराकहून मनाने उद्ध्वस्त होऊन परतलेल्या सैनिकांच्या उपचारासाठी त्याच संस्थेने त्या खेळातल्या रस्त्यांचा आणि घरांचा आधार घेऊन आभासी इराक उभा केला. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्ण तिथे आपल्या आठवणींना सामोरे जात. युद्धाची खरी किंमत खेळाच्या तंत्राला दाखवता येते, याचा हा पुरावा आहे.

‘अमेरिकाज आर्मी’चे सर्व्हर २०२२ मध्ये बंद झाले. भारतीय हवाई दलाने २०१४ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द स्काईज’ आणि २०१९ मध्ये ‘अ कट अबव्ह’ हे मोबाइल गेम आणले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या घरातल्या मुलांचाही आहे. सैन्यात जाण्याचं स्वप्न मोलाचं आहे आणि लष्कराने तरुणांशी त्यांच्या माध्यमातून बोलणंही गैर नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी प्रशियाच्या अधिकाऱ्याला पराभव आणि प्राणहानी समजावून सांगितली जात होती, तर आजच्या तेरा वर्षांच्या मुलापासून ती लपवण्याला काय समर्थन आहे? अनुभवी माणसाला जेवढं सत्य लागतं, त्याहून अधिक त्या मुलाला लागतं. भरतीसाठी खेळ बनवणाऱ्या प्रत्येक लष्कराने हा भरतीचा प्रचार आहे असं आरंभीच सांगावं, आणि सैनिकाच्या शौर्याबरोबर त्याच्या जखमांनाही त्यात जागा द्यावी.