'विपर्यास' : एका शब्दाचा अर्थपालट

टिटवाळ्याच्या महागणपतीची मूळ स्थापना शकुंतलेने केली व कण्वांचा आश्रम याच परिसरात होता, अशी तेथील स्थलकथा आहे. महाभारतात आणि कालिदासाच्या नाटकात मात्र हा आश्रम हिमालयाच्या आसमंतात, मालिनी नदीच्या तीरी आहे. टिटवाळा ठाणे जिल्ह्यात काळू नदीकाठी वसलेले. तेव्हा या कथेस 'विपर्यास' म्हणण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो शब्द येथे लागू पडतो काय?

विपर्यय आणि विपर्यास ही भावंडे होत. पहिल्यात 'इ' म्हणजे जाणे हा धातू आहे, दुसऱ्यात 'अस्' म्हणजे फेकणे. एकात वस्तू उलट जाते, दुसऱ्यात ती कोणीतरी उलथून टाकतो. अर्थात केवळ व्युत्पत्तीवर भिस्त ठेवता येत नाही. योगसूत्रांत विपर्यय म्हणजे मिथ्याज्ञान, पाच चित्तवृत्तींपैकी एक. बौद्धांनी अनित्यास नित्य, दुःखास सुख, अनात्म्यास आत्मा व अशुभास शुभ मानणे, असे चार विपर्यास सांगितले. या साऱ्या विवेचनात विपर्यास ज्याला होतो तोच फसलेला असतो. तो दुसऱ्यास फसवीत नाही.

आधुनिक मराठीत हा शब्द 'करणे' या क्रियापदाशी जोडला गेला आणि त्याला कर्ता मिळाला. 'माझ्या विधानाचा विपर्यास केला' या वाक्यात एक मूळ विधान, त्याचा धनी आणि ते जाणूनबुजून पिळणारा, असे तिघे गृहीत असतात. 'विपर्यास झाला' ही त्यातील सोयीची पळवाट. तीत आरोप राहतो, आरोपी दिसेनासा होतो.

हा भेद किती जिव्हाळ्याचा ठरू शकतो, हे 1908 च्या टिळक-खटल्यात दिसते. 'केसरी'तील लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरांत मूळ अर्थ विकृत झाला आहे, हा टिळकांच्या बचावातील एक प्रमुख मुद्दा होता. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. मराठी लेखांचा अर्थ त्यांच्यापुढे आला तो भाषांतरांच्या द्वारे. सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय होऊन सहा वर्षांची शिक्षा झाली. भाषांतरकार चुकला की त्याने अर्थ पिळला, या प्रश्नाच्या उत्तराने आरोपीच्या शिक्षेत एका दिवसाचाही फरक पडला नसता.

शकुंतलेच्या कथेतही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आढळतात, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे. महाभारतातील दुष्यंताला सर्व आठवते. तरीही भर सभेत तो तिला नाकारतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी योजून त्याच नकाराचे विस्मरण केले. कालिदासाचा राजा विपर्ययात सापडलेला आहे. व्यासांचा राजा आजच्या अर्थाने विपर्यास करतो. कवीने नायकास वाचविले, पण त्यासाठी मूळ कथा बदलली. या बदलास मात्र कोणी विपर्यास म्हणत नाही.

टिटवाळ्याची कथा ऐतिहासिक प्रमाणाच्या कसोटीस उतरत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु ती श्रद्धेने सांगणारा भाविक कोणाचे विधान पिळीत नाही. त्याच्याबाबत फार तर जुना, शास्त्रातला अर्थ लागू होईल. मालिनीचा उल्लेख ठाऊक असूनही तो गाळून याच कथेस इतिहास म्हणून छापणाऱ्या लेखकास मात्र हा शब्द त्याच्या आजच्या अर्थाने लावता येईल.